सोपी क्रियापदंच जास्त छळतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, इंग्रजी किती सोपी भाषा आहे त्याच्यावर. त्यात लेखकमहाशयांनी जाता जाता एक वाक्य ठोकून दिलं होतं की युरोपातल्या पोरांना इंग्रजी क्रियापदं शिकवावीच लागत नाहीत, ती आपसूक येतात, घोळ घालतात ती फक्त आपली मराठी मीडियमची पोरं. मी तो लेख फोनवर वाचला, मेट्रोत, संध्याकाळच्या क्लासला जाताना, आणि एकटीच हसले, शेजारच्या आजीबाईंनी चष्म्यावरनं बघितलं पण माझ्याकडं. कारण मी ज्या क्लासला चालले होते तिथं बारा-तेरा फ्रेंच माणसं, पंचविशीपासनं सत्तरीपर्यंतची, वह्या उघडून माझी वाट बघत बसलेली असणार होती आणि त्या दिवसाचा धडा होता ‘वर्क’. अनियमित बिनियमित काही नाही हो, साधं सरळ नियमित वर्क.

मी मूळची मिरजेची, गेली चौदा वर्षं फ्रान्समध्ये व्हिलरबानला राहते, म्हणजे ल्यों शहराला अगदी चिकटून, पिंपरी जशी पुण्याला चिकटलीय तसं समजा. आठवड्यातनं दोनदा संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझ्याकडं एक बेकरीवाला आहे जो पहाटे तीनला उठतो आणि क्लासमध्ये पेंगतो, एक नर्सबाई आहेत, एक रिटायर्ड पोस्टमन आहेत ज्यांची नातवंडं आयर्लंडला आहेत आणि त्यांच्याशी बोलायचंय म्हणून ते येतात, आणि इंजिनिअरिंगची एक-दोन पोरं. मराठी बाई फ्रेंचांना इंग्रजी शिकवते याचं सुरुवातीला त्यांनाही हसू यायचं, आता येत नाही.

तर मुद्दा असा की फ्रेंच माणूस इंग्रजीत अडकतो तो गो-वेंट-गॉनला नाही अडकत. ते तो पाठ करतो. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी तीन रकान्यांची यादी असते, मूळ रूप, प्रेतेरी म्हणजे भूतकाळ, आणि तिसरं रूप, ती पोरं आपल्यासारखीच घोकतात, आणि घोकलेलं येतं. अडकतो तो वर्क, प्ले, वॉश, स्टॉप असल्या गरीब क्रियापदांना, ज्यांची मिळून चारच रूपं असतात, वर्क, वर्क्स, वर्क्ट, वर्किंग, खेळ खलास. आणि तरी वीस वर्षं इंग्रजी शिकलेला माणूस ‘ही वर्क’ म्हणतो.

का, ते समजायला आधी त्यांच्या घरात डोकवावं लागेल. फ्रेंच पोराचं अर्धं बालपण क्रियापदं चालवण्यात जातं. माझी मुलगी इथंच शाळेत जाते, आता सिझिएममध्ये आहे, म्हणजे शब्दशः सहावी आणि वयानंही आपली सहावीच, फक्त इथं इयत्ता उलट्या मोजतात, सहावी झाली की पाचवी, मग चौथी, आमच्या सासूबाईंना हे फोनवर समजावता समजावता माझे दोन रिचार्ज संपले होते. तर तिच्या वहीत पानंच्या पानं भरलेली असतात, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, सहा ओळी, प्रत्येकीला वेगळं शेपूट, मग काळ बदलला की परत सहा ओळी. पण गंमत अशी की ही सहा शेपटं डोळ्यांसाठी आहेत, कानांसाठी नाहीत. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे हे त्यांचं सगळ्यात सरळ क्रियापद घ्या, त्यांची दहातली नऊ क्रियापदं असंच चालतात. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, या चौघांचा उच्चार एकच, ‘पार्ल’. लिहिताना ‘तू’ला शेवटी एस लावायचा, ‘ते’ला तर ई-एन-टी अशी तीन अक्षरं लावायची, आणि बोलताना त्यातलं काहीसुद्धा बोलायचं नाही. एकदा मुलीनं ते ई-एन-टी लावायला विसरली म्हणून मार्क घालवले आणि रडत आली, आणि मी ऐकतेय तर तिनं वाचलेलं वाक्य अगदी बरोबरच होतं, कानाला चूक सापडणारच नाही अशी चूक.

म्हणजे सहा वर्षांचा असल्यापासनं त्या पोराला काय शिकवलंय, तर क्रियापदाच्या शेवटी जे असतं ते लिहायचं असतं, उच्चारायचं नसतं. कोण बोलतंय ते सर्वनामावरनं कळतंच. आणि मग अशा माणसाला आपण सांगतो की बाबा रे, इंग्रजीत सहा शेपटं नाहीत, एकच आहे, ही-शी-इटला एस, आणि तो मात्र बोलायचा. तो मान डोलावतो, वहीत लाल पेनानं एस काढतो, आणि तोंड उघडलं की ‘ही वर्क इन अ बेकरी’. वहीत असतो एस! वही दाखवतो पण वर.

त्यात अजून एक भर. त्यांच्या भाषेत तो एस असतो ‘तू’चा, ‘तो’चा नाही. आणि नामाला एस लागला की अनेकवचन, हे तर फ्रेंचमध्येही आणि इंग्रजीतही. त्यामुळं काही जणांचं डोकं फार लॉजिकल चालतं, ‘ते’ म्हणजे पुष्कळ जण, पुष्कळ म्हणजे एस, म्हणून ‘दे वर्क्स’. हे ऐकलं आणि मला मिरजेचा आमचा पाचवीचा वर्ग आठवला, कारण आम्हीही अगदी हेच करायचो! आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासनं होतं, पहिलीपासनं आलं ते २००० साली. गुरुजी फळ्यावर डॉग-डॉग्ज लिहून पुसायचे नाहीत तोवर ही वर्क्स लिहायचे, आणि आम्ही दोन्हीची खिचडी करून दे वर्क्स. लेखकमहाशयांना सांगा, पोरं मिरजेची असोत की ल्योंची, याच खड्ड्यात पडतात.

ह्या एसवर मला उपाय सापडला तो फ्रेंचमधनंच. ‘इल् जों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे, आणि ‘इल् सों’ म्हणजे ते आहेत. पहिल्यात ‘जरा’मधला ज, दुसऱ्यात स. एवढ्याशा ज आणि स वर सगळा अर्थ फिरतो आणि एकही फ्रेंच माणूस, अगदी पेंगणारा बेकरीवालासुद्धा, यात कधी चुकत नाही. म्हणजे कान शाबूत आहेत. मग मी म्हटलं, चला, हाच ज ‘प्लेज’ला लावा, ‘लिव्ह्ज’ला लावा, आणि हाच स ‘वर्क्स’ला, ‘स्टॉप्स’ला, आणि वॉश, वॉच, फिनिश असल्यांना मात्र पूर्ण ‘इज’ जोडा, वॉशिज, वॉचिज. नियम म्हणून सांगितलं तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, हे दोन मिनिटांत शिरलं. राहतं म्हणताय? नाही राहत नेहमी, पण आता निदान स्वतः बोलताना स्वतःलाच टोचतं त्यांना, जीभ चावतात, मग परत म्हणतात. लिव्हवरनं आठवलं, ऱ्हस्व-दीर्घ इचा फरक फ्रेंचमध्ये नाहीच, त्यामुळं ‘ही लिव्ह्ज इन ल्यों’ म्हणायला गेले की ‘ही लीव्ह्ज’ होतं, तो राहतो का निघाला हेच कळत नाही. पोस्टमनकाका त्यांच्या नातवाला फोनवर दर वेळी सांगतात की मी ल्योंमधनं निघतोय, आणि बिचारा नातू विचारतो, कधी येताय?

पण एस परवडला. खरी जत्रा आहे ती ई-डीची.

नर्सबाईंचं सांगते. त्यांना इंग्लंडमधल्या एका नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती आणि त्यासाठी आम्ही तयारी करत होतो, काल ड्युटीवर काय काय केलं ते सांगा. त्यांनी सुरुवात केली, आय वॉश-एड द पेशंट, आय हेल्प-एड, आय कॉल-एड द डॉक्टर, आय चेंज-एड. प्रत्येक क्रियापदाला खणखणीत ‘एड’, जसं काही इस्त्री करून घडी घालून ठेवलंय. लिहिलेलं पाहिलं तर एकही चूक नाही, ‘स्टडी’चा वाय जाऊन आय आलेला, ‘स्टॉप’चा पी डबल झालेला, ‘व्हिजिट’चा टी डबल न झालेला, सगळं पुस्तकासारखं. आणि ऐकलं तर इंग्लंडमधल्या माणसाला वाक्याच्या शेवटापर्यंत पत्ता लागणार नाही बाई काय म्हणतायत.

मी पिशवीतनं डब्याची स्टीलची वाटी आणि चमचा काढला. खरंच, त्या दिवशी डब्यात आमटी होती, खाऊन झाली होती. म्हटलं, तुम्ही क्रियापद बोला, मी जितके अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, ऐकू येतील तितक्या वेळा वाजवते. ‘वॉश’ला एकदा टण. ‘वॉश्ट’ला किती? त्या म्हणाल्या दोन. मी म्हटलं नाही, एकच टण, ई-डी लागला तरी एकच. तोंड बघण्यासारखं झालं. दोन अक्षरं वाढून चारच्या जागी सहा दिसतायत आणि टण एकच? मग ‘वेट’ला एक टण आणि ‘वेटिड’ला दोन, कारण तिथं मूळ शब्दाच्या शेवटी टच आहे, टच्या मागं ट बोलता येत नाही म्हणून मध्ये इ घुसते, तसंच डच्या मागं, ‘नीड’चं ‘नीडिड’. बाकी कुठंही, कुठल्याही नियमित क्रियापदात, टण वाढत नाही. त्यांनी माझ्या हातातनं चमचा घेतला आणि पंधरा मिनिटं ती वाटी वाजवत बसल्या, हेल्प टण हेल्प्ट टण, कॉल टण कॉल्ड टण, वॉन्ट टण वॉन्टिड टण टण, आणि बाकीचे सगळे त्यांच्यामागं आरतीसारखे. वरच्या मजल्यावर योगाचा क्लास चालतो, तिथनं एक बाई खाली बघायला आल्या काय चाललंय. (ती वाटी आता क्लासमध्येच असते, घरी नेली की विचारतात.)

 

आता प्रश्न असा की ‘वर्क्ट’ मधला शेवटचा क्ट हा जोडाक्षराचा आवाज फ्रेंच जिभेला जमत नाही का? तर झकास जमतो. ‘आक्त’ म्हणजे कृती, दाखला, हा शब्द ते दिवसातनं दहा वेळा म्हणतात, त्यातला शेवट आणि ‘वर्क्ट’चा शेवट एकच. ‘आप्त’ म्हणजे त्यांच्यात लायक, त्याचा शेवट म्हणजे ‘स्टॉप्ट’चा. ‘झ्युस्त’चा शेवट म्हणजे ‘मिस्ट’, ‘पास्ट’चा. ‘तेक्स्त’ म्हणता येतं तर ‘फिक्स्ट’ का नाही? आणि वर्षातनं दोनदा सगळ्या दुकानांच्या काचांवर ‘सोल्द’ म्हणजे सेल अशी पाटी लागते, त्या सोल्दचा शेवट घ्या आणि ‘कॉल्ड’ म्हणा, झालं. म्हणजे जीभ तयार, कान तयार, घात करतो तो डोळा. कागदावर ई दिसते आणि डोळा म्हणतो, अरे इथं स्वर आहे, बोल! त्यात त्यांच्या स्वतःच्या भूतकाळाचा शेवट ‘ए’ असा होतो, पार्ले, त्राव्हाये, मांजे, म्हणजे भूतकाळ आला की तोंडातनं ए निघायची सवयच आहे, मग वॉश-एड नाही म्हणणार तर काय.

बरं, ही चूक तशी घराणेदार आहे. एके काळी इंग्रज लोक स्वतःच तो ‘एड’ पूर्ण बोलायचे. अजूनही ‘नेकेड’, ‘विकेड’, ‘सेक्रेड’ मध्ये तो शिल्लक आहे, आणि विद्वान माणसाला ‘लर्निड’ म्हणतात ते दोन अवयवांनीच. लोक तो गिळायला लागले तेव्हा ‘गलिव्हर’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टसारख्या माणसाचा जीव जळला होता, त्यानं १७१२ साली इंग्लंडच्या खजिनदाराला एक जाहीर पत्र लिहिलं आणि त्यात ‘डिस्टर्ब्ड’, ‘रिब्यूक्ट’ असले आखूड केलेले शब्द कानाला किती खरखरीत लागतात अशी तक्रार केली. ऐकलं कुणी नाही. मी हे क्लासमध्ये सांगितल्यावर पोस्टमनकाका म्हणाले, म्हणजे मी चुकत नाहीये, मी फक्त तीनशे वर्षं लेट आहे, पोस्टात चालतं असं.

अजून एक सांगायचं म्हणजे ही क्रियापदं बरीचशी यांच्याच घरातनं गेलेली आहेत. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात फ्रेंच बोललं गेलं, तेव्हा ढिगानं शब्द गेले. फ्रेंचमध्ये ‘फिनीर’ म्हणजे संपवणे, त्याचं ‘आम्ही संपवतो’ होतं ‘नू फिनिसों’, त्या मधल्या ‘इस’चं इंग्रजीत ‘इश’ झालं, फिनिश. तसंच पनिश, पॉलिश, अबॉलिश, डिमॉलिश, नरिश, चेरिश, सगळी एकाच कपाटातली. आणि सगळी इंग्रजीत जाऊन शहाण्यासारखी नियमित झाली, फिनिश्ट, पनिश्ट. ‘कॅच’ मात्र बिघडलं, तेही उत्तर फ्रान्सच्या बोलीतनं गेलेलं, त्याचा सख्खा भाऊ ‘चेस’ नियमित राहिला आणि कॅचचं झालं ‘कॉट’. घरोघरी एक असतंच असं.

आणि आता उलटा प्रवास चालू आहे. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी इंग्रजी क्रियापद उचलतात आणि थेट फ्रेंच शेपूट लावतात, ‘लाइके’, ‘चेके’, ‘स्क्रोले’, ‘ब्रंचे’, आणि सहाच्या सहा रूपं चालवतात, नू लाइकों, व्हू लाइके. नवं कुठलंही क्रियापद आलं की ते पार्लेच्या गटातच जाऊन बसतं, कुणी शिकवत नाही. एकीकडं १९९४चा कायदा आहे की जाहिरातीत परकी भाषा वापरली तर फ्रेंच भाषांतर दिलंच पाहिजे, म्हणून मेट्रोतल्या इंग्रजी स्लोगनला चांदणी लावून खाली बारीक अक्षरात फ्रेंच लिहिलेलं असतं, आणि त्याच मेट्रोत पोरं लाइके लाइके करत बसलेली. आपण मराठीत असं शेपूट लावत नाही, आपण शेजारी ‘करणे’ उभं करतो, लाइक केलं, चेक केलं, कॅन्सल केलं, आणि सगळी मेहनत ‘करणे’वर ढकलतो. माझी मुलगी दोन्ही करते, परवा म्हणाली, आई, माझा होमवर्क फिनी केला. मी काही बोलले नाही. काय बोलणार, मीच तिच्यासमोर ‘ट्राम रातली’ म्हणते, फ्रेंच ‘राते’ म्हणजे चुकणे, त्याला मराठी ‘ली’, म्हणजे ट्राम चुकली.

क्रियापदाचं रूप जमलं तरी कुठलं रूप कुठं लावायचं तो वेगळाच पसारा, त्यावर फार लिहीत नाही पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रेंचमध्ये ‘मी काम करतो’ आणि ‘मी काम करतोय’ याला रोजच्या बोलण्यात एकच रूप आहे, झ त्राव्हाय. मुद्दाम जोर द्यायचा असेल तर लांबलचक शब्दप्रयोग आहे पण उठसूट कोण वापरतंय. त्यामुळं आय वर्क आणि आय ॲम वर्किंग यात त्यांना फरकच ऐकू येत नाही. इथं आपली पोरं एक पाऊल पुढं आहेत, करतो-करतोय हा फरक आपल्याला आईच्या ओट्यावरनंच येतो. फक्त आपण मग तो फार लावतो, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आमच्या वर्गातलं अमर वाक्य होतं. आणि एका ठिकाणी मात्र फ्रेंच आणि मराठी गळ्यात गळा घालून पडतात. ‘मी पाच वर्षांपासून इथं राहते’, बघा, वर्तमानकाळ. फ्रेंचमध्येही ‘झाबित इसी दप्वी सँक आँ’, वर्तमानकाळच. इंग्रजीला मात्र तिथं हॅव लागतं. इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी मी नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेले आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स. समोरचा फ्रेंच साहेब खुश! त्याला ते वाक्य परफेक्ट वाटलं, कारण त्यानंही तेच म्हटलं असतं. नोकरी इंग्रजी शिकवायची होती.

प्रश्न विचारताना डू लावायचा ते मी त्यांच्या ‘एस्क’वर बसवते, फ्रेंचमध्ये वाक्याच्या तोंडाशी ‘एस्क’ लावलं की प्रश्न होतो, आपण शेवटी ‘का’ लावतो तसं. पण एस्क कधी बदलत नाही आणि डू बदलतो, एस उडी मारून त्याच्या अंगावर बसतो, डझ ही वर्क, आणि भूतकाळही तोच घेतो, डिड ही वर्क. फ्रेंचांना वाटतं डिडवर भागलं तरी वर्कवरही एक लावलेला बरा, ‘डिड यू वर्क्ट’. आपली पोरं तरी काय वेगळं करतात.

उलट भूतकाळात इंग्रजी किती सरळ आहे याच्यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. फ्रेंचमध्ये ती गेली म्हटलं की शेवटी जास्तीची ई, आणि कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर क्रियापद कर्माप्रमाणं बदलतं, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ स्त्रीलिंगी म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी. हा नियम ऐकून माझ्या इंग्रज मैत्रिणीला घाम फुटला होता, मला काहीच वाटलं नाही, मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं, आपलं जन्मापासनं हेच चाललंय. तर अशा माणसांना मी फळ्यावर लिहून दाखवते, आय प्लेड, शी प्लेड, वुई प्लेड, दे प्लेड, काही बदलत नाही. बेकरीवाला पेंगेतनं जागा होऊन म्हणाला, एवढंच? मी म्हटलं एवढंच. त्यानं वहीत तरी सहा ओळी लिहिल्या.

एक तक्रारही करून घेते. इथं इंजिनिअरची डिग्री हातात पडायला इंग्रजीची बी-टू पातळी, म्हणजे युरोपात भाषा मोजायच्या सहा पायऱ्यांतली चौथी, दाखवावी लागते, आणि बहुतेक पोरं त्यासाठी तोइक नावाची परीक्षा देतात, तिच्यात ७८५ मार्कांना बी-टू धरतात. पण जी परीक्षा बहुतेक जण देतात ती ऐकणं आणि वाचणं एवढीच, योग्य पर्यायाचा गोल काळा करायचा, तोंड उघडायचंच नाही. माझ्याकडं येणाऱ्या एका पोराला ७८५च्या वर मिळाले, पेढ्यांऐवजी चॉकलेट घेऊन आला आणि म्हणाला, माय मदर कुक-एड अ केक, शी वॉन्ट यू कम. दोन्ही शेपटं गेली की नाही! केक चांगला होता.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे एवढं लांबण लावलं. तुमच्या पुरवणीत मुलांसाठी ‘रोज पाच इंग्रजी शब्द’ असा कोपरा येतो, शेजारी देवनागरीत उच्चार दिलेला असतो. फार चांगला कोपरा आहे, भाचीला मी तोच वाचायला सांगते. पण त्यात भूतकाळाचे उच्चार तुम्ही सरसकट ड लावून छापता. वॉक्ड, स्टॉप्ड, वॉश्ड, लाफ्ड. अहो, तिथं ड नाही, ट आहे! क, प, श, फ, स, च यांच्या मागं ट येतो, बोलून बघा, जीभ आपोआप ट म्हणते, ड म्हणायचा तर मध्ये थांबावं लागतं आणि थांबलं की ‘वॉकेड’ होतं, तेच ते नर्सबाईंचं. फ्रेंच शिक्षकांकडं हे दाखवायला लिपीच नाही, त्यांची आणि इंग्रजीची अक्षरं एकच, ई-डी म्हणजे ई-डीच दिसणार, म्हणून मला वाटी वाजवावी लागते. आपल्याकडं ट वेगळा, ड वेगळा, एवढी सोन्यासारखी लिपी हातात असताना आपण तिच्यातही इंग्रजी स्पेलिंगच उतरवून काढतो, उच्चार नाही. मी स्वतः कॉलेज संपेपर्यंत स्टॉप्ड असंच म्हणत होते, कारण गाइडमध्ये तसं छापलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी वॉक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट, लाफ्ट, हेल्प्ट असं छापा ही विनंती. मागच्या रविवारच्या पाचातले तीन चुकले होते, आस्क्ड, कुक्ड आणि वॉच्ड. ‘प्लेड’ बरोबर होता. ‘नीडेड’च्या जागी मी ‘नीडिड’ केलं असतं पण ते चालतंय, राहू द्या तसंच.

आपली,
एक वाचक,
व्हिलरबान, फ्रान्स (मूळ मुक्काम मिरज)

ता. क. नर्सबाईंना नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी टेबलाखाली बोटानं टण टण मोजलं म्हणे.